अक्कांच्या दारात न थांबलेले बैल

जळगाव, गुरुवार, ४ जून

नाना, फार वर्षांनी लिहितोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही होतात तेव्हा महिन्याला एक पत्र ठरलेलं असायचं. मी कोणत्या जनावराला काय दिलं ते लिहायचो, आणि मात्रा चुकली असेल तर तुम्ही लाल पेनाने ती दुरुस्त करून माझंच पत्र मला परत पाठवायचात. तुम्ही गेल्याला तेरा वर्षं झाली. या तेरा वर्षांत डायरी एक दिवस चुकली नाही, पण तुम्हाला उद्देशून एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता असं म्हणणार नाही. तुम्हाला लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती सोडून बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

तुमच्या हाताखाली शिकलेला हा माणूस आता जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या नव्या पशुवैद्यकांना लस कशी सांभाळावी ते शिकवत फिरतो. कारखान्यातून निघाल्यापासून जनावराच्या कातडीखाली जाईपर्यंत लस तापू द्यायची नाही आणि गोठूही द्यायची नाही, एवढाच तो विषय, पण त्यावर मी दोन तास बोलतो. माझ्याकडच्या प्रत्येक दवाखान्याच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर आहे आणि दाराला वही टांगलेली आहे. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं. एका जनावराची सुई दुसऱ्याला वापरायची नाही. उपचार चालू असताना जनावर दगावलं तर आपलं काय चुकलं असेल, ते आधी लिहायचं. सहकारी पाठीमागे म्हणतात, ‘आला, फ्रीजची नाडी बघणारा आला.’ सावद्याच्या एका डॉक्टरने तर तोंडावरच विचारलं, “साहेब, घरी वहिनींच्या फ्रीजलापण वही लटकवली का?” मी हो म्हणालो. सगळे हसले. पण घरी खरंच वही आहे.

परवा धुळ्याला असंच एक प्रशिक्षण होतं. माझ्या व्याख्यानात एक ठरलेला भाग असतो, त्याला मी ‘एका गावाची गोष्ट’ म्हणतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावात मेअखेरीला घटसर्पाची लस टोचली, सगळी जनावरं झाली, फक्त एका बाईने दूध आटेल या भीतीने आपली म्हैस लपवून ठेवली. आषाढात घटसर्प आला, पहिली तीच म्हैस गेली, आणि चार दिवसांत गावातली नऊ जनावरं मेली. मग मी थोडा थांबतो आणि म्हणतो, एकही जनावर सुटता कामा नये. गेली कित्येक वर्षं मी ही गोष्ट सांगतोय. ऐकणारे मान डोलावतात.

परवा दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. नोकरीला लागून तिला तीन महिनेही झाले नसतील. “सर, एक शंका आहे. लस चुकली ती म्हैस एकच ना?”

“हो.”

“आणि मेली नऊ. मग बाकीच्या आठांना लस मिळाली होती. ती का मेली?”

मी म्हटलं, शरीरात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

“पण सर, टोचणी मेअखेरची आणि साथ आषाढातली. दीड महिना झाला होता.”

मी भर उन्हातल्या टोचणीचं, उन्हाळ्याने खंगलेल्या जनावरांचं काहीतरी बोललो. मागून कोणीतरी म्हणालं, “मॅडम, चहा गार होऊन राहिला,” आणि हशा झाला. तिने मात्र खाली मान घालून माझं उत्तर वहीत उतरवून घेतलं. अक्षर सुरेख होतं. मी जवळून जाताना पाहिलं, खाली दोन रेघा मारल्या होत्या.

नाना, मी मुद्दाम मागे जातो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. तुमच्या दवाखान्यामागच्या क्वार्टरचं स्वयंपाकघर. मी पंचवीस वर्षांचा, नोकरीचा दुसरा महिना. घरचे सगळे धुळ्याला, त्यामुळे तुम्ही स्वतः ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताय आणि मी ओट्याशी उभा आहे. तव्यावरची भाकरी उलटून तुम्ही म्हणता, “डॉक्टर, ते दोन काचेचे ग्लास घ्या.” नव्या माणसाला डॉक्टर म्हणताना तुमच्या आवाजात नेहमी थोडी थट्टा असायची. एका ग्लासात ताक, दुसऱ्यात सकाळी फाटलेलं दूध. दोन्ही हलवून तुम्ही खिडकीच्या उजेडात ठेवता. ताक सावकाश, एकसारखं बसत जातं. फाटलेल्या दुधाच्या गाठी मात्र लगेच खाली जातात आणि वर हिरवट पाणी राहतं. “फाटलेलं दूध कितीही हलवलं तरी परत दूध होत नाही,” तुम्ही म्हणता. “घटसर्पाची लस एकदा गोठली की अशीच होते. वितळली तरी उपयोग शून्य. आपल्या भागात उन्हाची एवढी धास्ती, की थंडीने काही बिघडतं हे कोणाला खरंच वाटत नाही. बाटली हलवायची, ठेवायची, उजेडात बघायची. तूही विसरशील.” मी म्हणालो, नाही विसरणार. आणि मी विसरलो नव्हतोच. विसरलो असतो तर आज हे लिहावं लागलं नसतं.

त्याच महिन्यात आपण एका गावात टोचणीला गेलो होतो. पाराभोवती बैल, म्हशी, माणसं जमलेली. तुम्ही पहिली बाटली हलवून सूर्याकडे धरलीत, मग दुसरी, मग सगळ्या. डबा भरताना बर्फ थेट बाटल्यांना चिकटला होता. तुम्ही लोकांना जवळ बोलावून गाठी दाखवल्यात आणि म्हणालात, “लस बाद झाली. डबा मी भरला, चूक माझी.” एक म्हातारा म्हणाला, “टोची टाका ना नाना, कोनले काय समजस?” तुम्ही त्यांच्याच बोलीत म्हणालात, “माले समजस ना, भो.” मग पाराच्या मागे खड्डा करून सगळ्या बाटल्या त्यांच्यादेखत ओतल्यात. परतताना मी कुरकुरलो, की आता लोकांचा लशीवरचा विश्वास उडेल. तुम्ही मोटारसायकल बाजूला घेऊन थांबवलीत. “विश्वास ठेवायचा की नाही ते त्यांना ठरवू दे. त्यांच्या वतीने तू ठरवू नको.” एवढं रागावून तुम्ही माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाहीत. आणि माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पुढच्या खेपेला निम्मीच जनावरं आली. सगळी यायला वर्ष गेलं.

तुम्ही निवृत्त होऊन धुळ्याला गेलात, आणि काही वर्षांनी मला गिरणेकाठच्या एका लहान दवाखान्याचा ताबा मिळाला. त्या मे महिन्यात माठातलं पाणीसुद्धा कोमट लागत होतं. वीज दिवसातून आठ-आठ तास जायची. घटसर्पाच्या लशीचा डबा आला, आणि टोचणी दुसऱ्याच दिवशी होती. वीज गेली तर लस तापेल म्हणून मी फ्रीजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि बाटल्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. नेमकी त्या दिवशी वीज गेलीच नाही. सकाळी दार उघडलं तर बाटल्या पांढऱ्या दगडासारख्या झालेल्या. मी त्या बादलीतल्या पाण्यात ठेवल्या. वितळल्यावर आमच्या परिचराने, त्यांना मी भाऊ म्हणायचो, एक बाटली उचलून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, हाई ते फाटेल दूधसारखं दिखस.”

भाऊंनी तुमचं स्वयंपाकघर कधी पाहिलं नव्हतं. तरी शब्द तोच.

मी म्हटलं, “हलवा भाऊ, मिसळेल.” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि हलवली. मीही हलवली. गाठी खाली बसल्या. बाहेर दवंडी होऊन गेलेली, माणसं कामं सोडून जनावरं घेऊन पारावर आलेली. नवी लस मागवायची तर पाऊस लागेपर्यंत येण्याची खात्री नव्हती. ही सगळी कारणं खरी होती, पण त्यांच्या खाली आणखी एक कारण होतं. मला लिहावं लागलं असतं, की अधिकाऱ्याच्या चुकीने लस गोठली. शीतसाखळीवर, म्हणजे लस योग्य थंडीत सांभाळण्यावर, तालुक्यात सगळ्यात जास्त बोलणारा मीच होतो. मी स्वतःला म्हटलं, अर्धी तरी लागू पडेल. दुपारपर्यंत सगळ्या गावाला टोचलं. त्या दिवसाच्या डायरीत दोनच वाक्यं आहेत. बाटल्या गोठल्या होत्या. वापरल्या.

गावच्या कडेला राहणाऱ्या एक अक्का होत्या. नवरा नव्हता, घरात सून आणि पाळण्यातली नात. म्हैस व्यायला पंधरा दिवस झाले होते. लस टोचल्यावर दोन-तीन दिवस दूध कमी होतं, हे खरंच आहे, आणि आमच्याकडे प्रत्येक गावात कोणी ना कोणी त्यासाठी दुभतं जनावर लपवतंच. अक्कांनी म्हैस केळीच्या बागेत नेऊन बांधली. मला ते तेव्हा माहीत नव्हतं.

आषाढात पहिला फोन त्यांच्या सुनेचा आला. मी गेलो तेव्हा म्हशीचा गळा सुजून छातीपर्यंत आला होता, जीभ बाहेर, आणि श्वासाची घरघर रस्त्यावरून ऐकू येत होती. सुई दिली, पण तासाभरात ती गेली. संध्याकाळी शेजारचा बैल बसला. मग दिवसाला दोन, तीन. मी औषधाची पेटी घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरत होतो. लवकर सापडलेली काही वाचली. एका शेतकऱ्याच्या जोडीतला एक बैल गेला तेव्हा उरलेला बैल उभा होता आणि तो माणूस त्याच्या शिंगांना हात लावून माझ्याकडे पाहत होता. चौथ्या दिवशी नववं जनावर खड्ड्यात टाकलं, वर चुना ओढला.

त्या खड्ड्याशी सगळं गाव उभं होतं. कोणीतरी म्हणालं, टोचायला सगळी आली होती तरी असं कसं झालं. तेव्हा अक्का स्वतःहून पुढे आल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. “दूध आटी जाई म्हनीसन मन्ही म्हैस मी केळीना बागमा दपाडी ठेयी व्हती,” त्या म्हणाल्या. “माले काय मालूम असं व्हई.” एकजण म्हणाला, “तू बठ्ठा गाव बुडाडी दिन्हा, अक्का.” अक्का माझ्याकडे वळल्या. “डॉक्टर भाऊ, तुम्ही खरं सांगा. मन्हामुये व्हयनं का हाई?”

नाना, सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. भाऊ चुन्याचं पोतं धरून उभे होते. मी म्हणालो, “अक्का, लस सगळ्यांनी टोचून घ्यायला हवी होती.”

यात एकही शब्द खोटा नाही. हे वाक्य मी या वर्षांत किती वेळा तपासून पाहिलंय, ते डायरीत दिसतं. अक्कांनी म्हैस रांगेत आणली असती तरी ती मेलीच असती, आणि बाकीची आठही. गावातलं एकही जनावर त्या दिवशी टोचलं गेलं नव्हतं, फक्त सुई लागली होती. अहवालात मी लिहिलं, ‘साथीचा उगम: लस न दिलेली एक म्हैस.’ खाली माझी सही.

पुढच्या महिन्यात पोळा होता. सरपंचांनी बोलावलं म्हणून गेलो. गेरूने रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल, एकेक जोडी दारोदार जाते, बाई पायावर पाणी घालते, ओवाळते, पुरणपोळीचा घास देते. मी सरपंचांच्या ओट्यावर बसलोय. समोरच्या गल्लीच्या टोकाला अक्का दारात ताट घेऊन उभ्या आहेत, तांब्या खाली ठेवलेला. पहिली जोडी त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली. मला वाटलं बैल बिथरला असेल. दुसरी गेली. तिसऱ्या जोडीतल्या बैलाने सवयीने तिकडे मान वळवली, तर मालकाने कासरा ओढला. अक्का शेवटची जोडी जाईपर्यंत उभ्या होत्या. मग त्यांनी तांब्यातलं पाणी उंबऱ्यावर ओतलं आणि आत गेल्या. सरपंच मला म्हणत होते, “घ्या साहेब, पोळी घ्या.” मी घेतली. खाल्लीसुद्धा.

थंडीत माझी बदली झाली, आणि तिथून पुढे मी आज आहे तो माणूस झालो. थर्मामीटर, वह्या, तपासण्या, नव्या डॉक्टरांना उजेडात बाटली धरायला लावणं. यातून जनावरं वाचली असतील, ते मी नाकारत नाही. पण हे सगळं चांगलं काम मी त्या एका अहवालावर रचत गेलो, आणि वर तोच अहवाल गोष्ट म्हणून सांगत राहिलो. अक्कांना मी एका गावात दोषी ठरवलं होतं. नंतर दोन जिल्ह्यांत ठरवलं.

परवा धुळ्याहून आल्यावर भाऊंना फोन केला. ते निवृत्त होऊन त्याच गावात राहतात. अक्का आहेत का, असं विचारलं. “शे ना,” ते म्हणाले. “ऐंशीनी व्हयनी. कानघाई कमी ऐकू येस.” मी विचारलं, पोळ्याला बैल थांबतात का आता त्यांच्या दारात. भाऊ म्हणाले, “पोळाले ती आते दारच लाई लेस, साहेब.” मग मी विचारलं, तुम्ही कधी कोणाला सांगितलंत का. “तुम्ही सांगतीन म्हनीसन मी थांबेल व्हतू,” ते म्हणाले. “मंग ऱ्हाई गयं.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

फोन ठेवल्यावर मी तेच जुनं कारण काढलं. आता सांगितलं तर लोक म्हणतील सरकारी लस खोटी असते, जनावरं आणणार नाहीत, आणि पावसाळा तोंडावर आहे. हे होऊ शकतं. पण नऊ जनावरं जाऊनही त्या गावाने टोचणी सोडली नाही, ती अक्कांच्या जिवावर, लशीचा दोष त्यांच्या माथी गेला म्हणून. तुमची रस्त्याकडेला थांबलेली मोटारसायकल आठवते. मी इतकी वर्षं त्या गावाच्या वतीने ठरवत आलो.

आता सुरुवातीला म्हटलेली ती गोष्ट. साथीच्याच वर्षी दिवाळीनंतर तुम्हाला भेटायला धुळ्याला आलो होतो. तुम्ही अंथरुणावर, हात काडीसारखे झालेले. दुपार होती, खिडकीतून तुमच्या पायांवर ऊन पडलं होतं. साथीचं तुम्ही कुठूनतरी ऐकलं होतं. मी लपवलेल्या म्हशीचं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “बाटली उजेडात बघितली होतीस ना?” मी म्हणालो, “हो नाना.” तुम्ही म्हणालात, “मग बरं,” आणि खिडकीकडे तोंड केलंत. निघताना उशाखालून तुमचा जुना थर्मामीटर काढून मला दिलात. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मी तेव्हा स्वतःला विचारू दिलं नाही. नंतर दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. बघितली होती हे खरंच होतं, नाना. बघून काय केलं, ते तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी त्याचा फायदा घेतला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, डायरीतच राहील. त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर कळवायचंय, पण गावाच्या आधी नाही. आणि एक कबूल करतो. हे लिहीत असतानासुद्धा माझ्या मनात आहे, की अक्कांना एकटं गाठावं, घरात बसून हळूच सांगावं, पाया पडावं आणि पुढच्या बसने परत यावं.

उद्या: त्या वर्षीची डायरी घेऊन सकाळच्या भडगाव बसने गावात जाणे, अक्कांना पारावर बसवून सगळ्यांदेखत ते पान वाचणे. मोठ्याने. त्यांना कमी ऐकू येतं.